विंडोज चुकीच्या डिस्कवर गेलं? आधी काय कुठे पडलंय ते बघा, मग हात घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मशीनमध्ये आधीपासून १ टीबीची हार्ड डिस्क होती, तिच्यावर फोटो आणि कामाच्या फाइल्स. नवी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवली, पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकलं. डेस्कटॉप यायला तरी तेवढाच वेळ लागतोय हे बघून लक्षात आलं की विंडोज एसएसडीवर गेलंच नाही, जुन्या डिस्कवरच बसलंय. 'धिस पीसी'मध्ये एसएसडी दिसतही नाही. आता हे एसएसडीवर न्यायचं कसं, आणि जुना डेटा उरलाय का?

दुसऱ्या प्रश्नाला घाई आहे, म्हणून तो आधी घेतो. जुन्या डिस्कवरचं काही परत हवं असेल आणि ते दिसत नसेल, तर ते मशीन आत्ता बंद करा. स्लीप नाही, पूर्ण बंद. तुम्ही काही करत नसलात तरी विंडोज गप्प बसलेलं नसतं. ते अपडेट उतरवतं, पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) लिहितं, इंडेक्स तयार करतं, आणि हे सगळं त्याच डिस्कवर, तुमच्या जुन्या फाइल्सच्या जागेत जातं. पुढचं फोनवर वाचा.

आता आठवा, विंडोज टाकताना पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) यादीत तुम्ही नेमकं काय दाबलं होतं? जुन्या डिस्कचं विंडोजचं पार्टिशन निवडून, फॉरमॅट न मारता सरळ 'नेक्स्ट' केलं असेल तर तुम्ही सुटलात. अशा वेळी सेटअप जुनं विंडोज, प्रोग्राम फाइल्स आणि यूजर्स ही फोल्डर्स 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवतं. सी ड्राइव्हवर सुटे ठेवलेले बाकीचे फोल्डर जागच्या जागी राहतात. 'विंडोज.ओल्ड'मध्ये यूजर्स, त्यात तुमचं जुनं नाव, त्यात पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्स. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू' दाबा. मात्र हे फोल्डर कायमचं नसतं, काही दिवसांनी विंडोज ते स्वतःच साफ करतं. आज कॉपी करा, उद्या नको. त्या डिस्कवर डी, ई अशी वेगळी पार्टिशन्स असतील आणि तुम्ही ती डिलीट केली नसतील, तर त्यांना काहीही झालेलं नाही.

डिलीट किंवा फॉरमॅट दाबलं असेल तर गोष्ट वेगळी, पण संपलेली नाही. सेटअपमधला फॉरमॅट हा झटपट प्रकारातला असतो. तो फाइल सिस्टीमची नवी कोरी वही उघडतो, जुनी पानं खरवडून काढत नाही. नवीन विंडोजने जेमतेम २०-३० जीबी लिहिलेलं असतं. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर उरलेल्या जागेतला जुना माल बहुतेक वेळा तसाच पडून असतो. हीच चूक उलटी झाली असती, म्हणजे डेटा एसएसडीवर असता आणि तिच्यावर फॉरमॅट बसला असता, तर मी फारशी आशा दाखवली नसती. तिथे फॉरमॅटबरोबर ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता मोकळी' असं एसएसडीला सांगणारी आज्ञा जाते आणि रिकाम्या ठरलेल्या जागेतून वाचायला गेलं की साधारणपणे शून्यंच हाती लागतात.

डिस्क काढा, दुसऱ्या चालू मशीनला यूएसबी ॲडॉप्टरने जोडा, विंडोजने 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर नाही म्हणा. शक्य असेल तर आधी पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या आणि शोधाशोध इमेजवर करा. पार्टिशन नुसतं डिलीट झालं असेल आणि त्यावर फारसं लिहिलं गेलं नसेल तर टेस्टडिस्क ते परत उभं करू शकतं. वर फॉरमॅट आणि विंडोज दोन्ही बसलं असेल तर फोटोरेक. ते फाइलच्या अंतरंगातल्या खुणांवरून फाइल ओळखतं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो आकडी नावांच्या फाइल्स समोर येतात, त्या लावत बसायची तयारी ठेवा. दोन्ही प्रोग्राम मोफत आणि ओपन सोर्स आहेत. सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर उतरवू नका. हे वाक्य वाचून मान डोलावणारे लोकही ऐन वेळी तेच करतात. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर काहीच चालवू नका, ते डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे.

डेटाचा प्रश्न मिटला, किंवा डिस्कवर मोलाचं काही नव्हतंच, असं धरून पुढे जातो.

लोक 'विंडोज चुकीच्या डिस्कवर गेलं' म्हणतात तेव्हा त्यामागे दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे इलाज वेगळे आहेत. एक, पूर्ण विंडोजच जुन्या डिस्कवर आहे. दोन, विंडोज एसएसडीवर आहे पण ते सुरू करून देणारी बूटची फाइल जुन्या डिस्कवर आहे. दुसरं दुखणं जास्त लबाड, कारण जुनी डिस्क काढेपर्यंत ते कळतच नाही. तुमचं वर्णन पहिल्यासारखं वाटतंय, तरी खात्री करून घ्या.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'धिस पीसी'वर विसंबू नका, तिथे फक्त अक्षर मिळालेली पार्टिशन्स दिसतात. कोऱ्या एसएसडीला अक्षर नसतं, म्हणून ती तिथे नाही. डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. सी च्या चौकोनात 'बूट' असा शब्द दिसेल आणि एखाद्या १०० एमबीच्या छोट्या चौकोनात 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन'. इथे नावं ठेवणाऱ्याने गंमत करून ठेवली आहे: मायक्रोसॉफ्टच्या भाषेत 'बूट' म्हणजे जिथे विंडोज आहे ते, आणि 'सिस्टीम' म्हणजे जिथून मशीन बूट होतं ते. उलटं वाटलं तरी असंच आहे. हे दोन चौकोन एकाच पट्टीत असले तर विंडोज एकसंध आहे. वेगवेगळ्या पट्ट्यांत असले तर दुसरं दुखणं.

कोणती पट्टी कोणती, हे आकड्यावरून ठरवू नका. 'डिस्क ०' म्हणजे पहिली, मुख्य, बूटची डिस्क असा बहुतेकांचा समज असतो. तसं काही नसतं. मशीन सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडल्या त्या क्रमाने नंबर लागतात, आणि एखादा पेन ड्राइव्ह लावला, केबलचं पोर्ट बदललं, की नंबर बदलू शकतात. क्षमतेवरून ओळखणं त्यापेक्षा बरं, पण तिथेही एक खोच आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून ५०० जीबी ही ४६५ च्या आसपास दिसते, १ टीबी ९३१, २५६ जीबी साधारण २३८. दोन्ही डिस्क सारख्याच क्षमतेच्या असल्या की हेही उपयोगाचं नाही. मग मॉडेलचं नाव बघायचं.

नाव बघायची जागा सेटअपमध्येही आहे, फारशी कोणाला माहीत नसते. पार्टिशनच्या यादीवर असताना शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं). काळी खिडकी उघडेल. तिथे एकेक ओळ टाकून एंटर मारा. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क १
डिटेल डिस्क

शेवटच्या ओळीनंतर पहिल्याच रेघेत डिस्कच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव येतं, त्याखाली ती सॅटा आहे की एनव्हीएमई (डिस्क जोडायच्या जुन्या-नव्या पद्धती) तेही. 'लिस्ट डिस्क'च्या तक्त्यात उजव्या टोकाला जीपीटी असा रकाना असतो. तिथे चांदणी असली तर डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता नव्या जीपीटी पद्धतीचा, नसली तर जुन्या एमबीआर पद्धतीचा किंवा डिस्क अगदी कोरी.

या बाबतीत मी इतका काटेकोर का, तर माझी एक वही आहे चुकांची, तिच्यात हे पहिल्या पानावर आहे. एका मशीनवर कोरी एसएसडी 'डिस्क १' होती. मी मध्येच मशीन रीस्टार्ट केलं, आधी काढून ठेवलेला बॅकअपचा ड्राइव्ह लावला, आणि डोक्यात आधीचाच नंबर ठेवून 'सिलेक्ट डिस्क १', मग 'क्लीन' टाकलं. एक सेकंदही लागला नाही. 'डिस्क १' आता बॅकअपचा ड्राइव्ह होता. नशीब इतकंच की 'क्लीन' पार्टिशनचा तक्ता पुसतं, आतला माल नाही, त्यामुळे टेस्टडिस्कने रात्रभरात पार्टिशन परत आणलं. त्या जागी 'क्लीन ऑल' टाकलं असतं तर ते शेवटच्या सेक्टरपर्यंत शून्यं लिहीत गेलं असतं. तेव्हापासून 'क्लीन'च्या आधी 'डिटेल डिस्क' टाकून मॉडेलचं नाव मोठ्याने वाचतो. शेजारी बसलेल्याला विचित्र वाटतं, वाटू दे.

बरं, पण एसएसडी असताना सेटअप जुन्या डिस्कवर गेलंच का? बरेचदा नंबर बघून केलेली घाई. पण आणखी एक कारण आहे ते तपासून घ्या, नाहीतर पुन्हा इन्स्टॉल करताना तीच चूक होईल. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक मशीनमध्ये, विशेषतः लॅपटॉपमध्ये, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी एका कंट्रोलरच्या मागे लपते, आणि इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला दिसत नाही. यादीत मग उरते फक्त जुनी हार्ड डिस्क. माणूस जे दिसतंय त्यावर क्लिक करतो. तुमच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही एसएसडी दिसत नसेल तर हाच संशय पहिला. उपाय दोन: मशीन बनवणाऱ्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, फाइल उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर'ने द्यायचा, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. बंद करणार असाल तर विंडोज टाकायच्या आधी करा. एसएसडीवर विंडोज बसल्यावर मध्येच ते सेटिंग फिरवलं की निळी स्क्रीन येण्याची पाळी येते. बायोसमध्येही एसएसडी दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही, किंवा तो एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची मदरबोर्डवरची खाच) फक्त सॅटा प्रकारची एसएसडी घेतो. मदरबोर्डचं मॅन्युअल उघडावं लागेल. त्यात आणखी एक बघा: काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात, आणि लोकांना वाटतं जुनी डिस्क मेली.

आता मुख्य काम. विंडोज टाकून दोन-चार दिवसच झाले असतील तर माझं मत स्पष्ट आहे: क्लोन (जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवणं) करू नका, पुन्हा टाका. क्लोनच्या भानगडीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात एनव्हीएमईवर ताजं विंडोज बसून अर्धे प्रोग्रामही टाकून होतात. ॲक्टिव्हेशनची चिंता नको. डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडा, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, तीच आवृत्ती घ्या. इंटरनेट मिळालं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

एकच नियम पाळा, तो पाळला की बाकी फारसं काही चुकत नाही. इन्स्टॉल करताना मशीनमध्ये ज्या डिस्कवर विंडोज हवं तेवढीच असू द्या. मशीन बंद करा, प्लग काढा, जुन्या डिस्कची सॅटा केबल उपटा. लॅपटॉपचं झाकण उघडायचं नसेल तर बायोसमध्ये ते सॅटा पोर्ट बंद करायची सोय आहे का बघा. हे फक्त चुकीची डिस्क निवडली जाऊ नये म्हणून नाही. तुम्ही एसएसडी अगदी बरोबर निवडलीत तरी, दुसऱ्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन असलं की सेटअप तेच वापरतं, एसएसडीवर नवीन बनवत नाही. विचारत नाही, सांगत नाही. म्हणजे पहिल्या दुखण्यावर इलाज करता करता दुसरं लावून घेता.

केबल काढल्यावर पेन ड्राइव्हवरून बूट करा. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' (बायोसची नवी पद्धत) लिहिलंय तो निवडा. यादीत एसएसडीची रिकामी जागा दिसेल, ती निवडून 'नेक्स्ट'. स्वतः पार्टिशन पाडत बसू नका. सेटअप आपणहून लागतील ती पाडतं: ईएफआय, १६ एमबीचं एक राखीव जे डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाही, विंडोजचं मोठं, आणि शेवटी रिकव्हरी. डेस्कटॉप आला, दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघितलं, की मशीन बंद करून जुनी डिस्क जोडा. बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात एसएसडीचं 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वात वर आणा, कारण जुन्या डिस्कवरही अजून एक चालू विंडोज आहे आणि मशीन तिकडे जाऊ शकतं.

क्लोन कधी करावं? महिनाभर काम करून झालंय, ढीगभर प्रोग्राम टाकलेत, काहींची लायसन्स परत मिळवणं जिकिरीचं आहे, तेव्हा. १ टीबीवरून ५०० जीबीवर न्यायचं तर वापरलेली जागा ५०० च्या आत हवी हे उघड आहे. पण तेवढं पुरत नाही. क्लोनझिलासारखं साधन मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क सहजासहजी घेत नाही, आधी पार्टिशन आकसून घ्यावं लागतं. डिस्क मॅनेजमेंटमधलं 'श्रिंक' मध्येच अडतं, भरपूर जागा रिकामी असूनही थोडीच सोडतं, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट्स अशा न हलणाऱ्या गोष्टी मध्ये ठाण मांडून असतात. काळ्या खिडकीत ॲडमिन म्हणून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ', पेजफाइल तात्पुरती बंद, सिस्टीम प्रोटेक्शन बंद, रीस्टार्ट, मग पुन्हा श्रिंक. एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपापलं क्लोनिंगचं मोफत सॉफ्टवेअर देतात, ते लहान डिस्कचं गणित स्वतः सांभाळतं. तुमच्या एसएसडीचं असेल तर तेच वापरा.

क्लोन झाल्यावरचा पहिला बूट जुनी डिस्क काढूनच. दोन डिस्कवर एकच ओळख छापलेली असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा तुम्हाला वाटतं एसएसडीवरून चाललंय आणि प्रत्यक्षात चालत असतं जुन्या डिस्कवरून. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन आली तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून बघा, बहुतेकदा त्यात स्टोरेजचा ड्रायव्हर मार्गी लागतो आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं सुरू होतं.

आता ते लबाड दुखणं: विंडोज एसएसडीवर, बूटची फाइल जुन्या डिस्कवर. हे उघडं पडतं ते असं. मशीन वर्षभर छान चाललेलं असतं. जुनी डिस्क कुरकुरायला लागते म्हणून कोणीतरी ती काढतं, आणि काळ्या स्क्रीनवर येतं 'नो बूटेबल डिव्हाइस'. एसएसडी मेली असं समजून लोक नवीन आणायला निघतात. एसएसडी ठणठणीत असते. फक्त तिच्या दाराची किल्ली दुसऱ्या डिस्कवर होती.

जुनी डिस्क परत जोडा, मशीन सुरू करा. 'एमएसइन्फो३२' चालवून 'बायोस मोड'समोर 'यूईएफआय' आहे ना ते बघा, पुढचं त्यासाठीच आहे. डिस्क एन्क्रिप्टेड (सांकेतिक कुलूप लावलेली) आहे का तेही बघा: ॲडमिन खिडकीत 'मॅनेज-बीडीई -स्टेटस'. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉलवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर, एन्क्रिप्शन बहुतेकदा न विचारताच चालू होतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मशीनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. बूटच्या फाइल्सना हात लावला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे एन्क्रिप्शन, की मागतंच, आणि तेव्हा ती त्याच बंद मशीनच्या आत असून चालत नाही.

मग ॲडमिन काळ्या खिडकीत डिस्कपार्ट उघडा आणि एसएसडीच्या टोकाला छोटं ईएफआय पार्टिशन पाडा:

सिलेक्ट व्हॉल्यूम सी
श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=टी
एक्झिट

ते डिस्कच्या सुरुवातीला नाही, शेवटाकडे आलं म्हणून घाबरू नका, यूईएफआयला जागेचं काही देणंघेणं नसतं. आता बूटच्या फाइल्स तिथे ठेवायच्या:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस टी: /एफ यूईएफआय

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं पाहिजे. इथे बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात, बायोसमध्ये नवीन नोंद दिसत नाही. बरोबर आहे, दिसणार नाही. '/एस' देऊन ही कमांड चालवली की ती मदरबोर्डच्या स्मृतीत 'विंडोज बूट मॅनेजर'ची नोंद करत नाही, फक्त फाइल्स ठेवते, आणि मदरबोर्डने ठरलेल्या जागी फाइल शोधावी अशी अपेक्षा धरते. म्हणून आता मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. बूट मेनूत एसएसडी स्वतःच्या नावाने दिसेल, तिच्यावरून विंडोज उघडेल. उघडलं की तीच कमांड या वेळी बिनशेपटीची चालवा, नुसतं 'बीसीडीबूट सी:\विंडोज'. आता नोंदही झाली. जुनी डिस्क बाहेर असतानाच हे करायचं, म्हणजे फाइल्स कुठे जाव्यात यात गफलत उरत नाही.

जुनी डिस्क आधीच गेली असेल, परत जोडण्यासारखी नसेल, तर हेच सगळं विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट-एफ१० च्या खिडकीत करता येतं. फक्त तिथे अक्षरांवर विश्वास नको. चालू विंडोज स्वतःला नेहमी सी म्हणवतं, पण बाहेरून बघताना तेच पार्टिशन डी किंवा ई असू शकतं. 'लिस्ट व्हॉल्यूम' बघा, मग 'डीआयआर डी:\' करून आत विंडोज आणि यूजर्स दिसतात का ते बघा, आणि कमांडमध्ये ते अक्षर घाला. 'एक्स:' दिसलं तर दुर्लक्ष करा, ते सेटअपने मेमरीत उभं केलेलं असतं.

जाता जाता 'रीएजंटसी /इन्फो' टाकून रिकव्हरीचा पत्ता बघून घ्या. 'हार्डडिस्क' या शब्दापुढचा आकडा काढलेल्या डिस्ककडे बोट दाखवत असेल किंवा रिकव्हरी बंद दिसत असेल, तर 'रीएजंटसी /डिसेबल' आणि मग '/इनेबल' करून बघा.

लिनक्सवाल्यांनाही हे दुखणं नवीन नाही. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर कुठे टाकायचा हे निवडायची सोय होती, पण यूईएफआय मशीनवर तुम्ही काहीही निवडलं तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच जायचा. इलाजाची दिशा तीच: योग्य डिस्कवर फॅट३२ ईएफआय पार्टिशन, ते /बूट/ईएफआय ला माउंट, एफएसटॅबमध्ये नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. एफएसटॅब विसरलात तर पुढचा ग्रबचा अपडेट पुन्हा जुन्या घरी जातो.

शेवटी जुन्या डिस्कची साफसफाई. एकट्या एसएसडीवर मशीन आठवडाभर चाललंय, फोटो दुसरीकडे उतरवलेत, त्यातले पाच-सहा उघडूनही बघितलेत, मगच. मोठं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून डिलीट होतं. छोटं ईएफआय मात्र तिथून होत नाही, मेनूतले पर्याय फिके दिसतात. डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून (मॉडेलचं नाव वाचून), पार्टिशन निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' टाकावं लागतं. १०० एमबीने काय बिघडतं म्हणून ते तसंच सोडू नका. पुढच्या वेळी केबल न काढता विंडोज टाकायला बसलात तर सेटअप सरळ त्याच्यावरच जाऊन बसेल.